पाटीखालचे गिऱ्हाईक

संध्याकाळी भाईंदर स्टेशनावर लोकल रिकामी झाली, की पूर्वेकडचा केबिन रोड भरून जातो. त्या गर्दीत परवा मी एका दुकानात मिक्सरचं भांडं बदलायला उभी होते. चारच दिवस वापरलेलं भांडं तळातून गळत होतं. मालकांनी मान वर न करता बोट वर केलं. भिंतीवर पाटी होती : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

माझ्या पुढे एक आजी होत्या. सुटे तीन रुपये नाहीत म्हणून त्यांच्या हातावर तीन गोळ्या ठेवल्या गेल्या. “अरे बाबा, मला दात कुठे आहेत?” आजी म्हणाल्या. सगळे हसले. आजी हसल्या नाहीत.

असे प्रसंग रोजचेच. गार बाटलीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त. हॉटेलात न विचारता बिलात चढवलेलं सेवाशुल्क. आणि विचारलंच, तर ‘तुम्हीच एकट्या विचारता’ हे उत्तर!

पण पाटी म्हणजे कायदा नव्हे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल, तर तीस दिवस धरले जातात. सेवाशुल्क आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५मध्ये ते उचलून धरलं. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायला नको.

हे सारं मी मालकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “बिल आहे का, ताई?”

नव्हतं. ‘बिल हवं तर वर जीएसटी लागेल’ असं ते म्हणाले होते आणि मी खुशीनं अठरा टक्के वाचवले होते. बिल न देणं ही त्यांची चूक. पण त्या चुकीत माझी भागीदारी होती. दुकानदाराला शिस्त लावायची, तर आधी आपण बिल मागायला हवं.

भांडं तसंच घेऊन घरी आले. आता दोनशे रुपयांच्या खरेदीचंही बिल मागते. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे. मला टोचतं ते भांडं नव्हे. आजींच्या तीन रुपयांसाठी रांगेतलं कोणीच बोललं नाही. मीसुद्धा नाही.