वडीलधाऱ्यांचा चिनी काढा

हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक येथे व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या कुटुंबांतील मुले दिवाळीस घरी येतात, तेव्हा सामानातून एखादी नक्षीदार पेटीही निघते. पेटीवर सोनेरी चिनी अक्षरे, आत मेणाच्या कवचात ठेवलेली मोठी काळसर गोळी. "तिकडचे सगळे वृद्ध हेच घेतात, बाबा, गुडघ्यालाही चांगले आणि रक्तालाही," एवढ्या माहितीवर ती गोळी ऐंशीच्या घरातील वडिलांच्या हाती पडते. मुलाचा हेतू निखळ प्रेमाचा असतो. वडीलही मुलाचे मन मोडू नये म्हणून ती घेतात आणि डॉक्टरांना त्याविषयी काही सांगत नाहीत. "ते झाडपाल्याचे आहे, औषध थोडेच आहे!" ही त्यामागची समजूत.

चिनी वैद्यकाची थट्टा करण्याचे कारण नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे द्रव्य चिनी परंपरेतील चिंगहाव या वनस्पतीतूनच हाती आले आणि त्या संशोधनासाठी तू यूयू यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ज्या वनस्पतीत रोग हटविण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते. जमा आहे आणि नावे काहीच नाही, अशी वही कोणत्याही पेढीवर पाहावयास मिळत नाही.

वृद्धांच्या बाबतीत हा हिशेब अधिक नाजूक होतो. वयोमानाने मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती घटते. स्नायू कमी झालेले असल्याने तपासणीतील क्रिएटिनिनचा आकडा मात्र पुष्कळदा ठीकच दिसतो आणि घरच्यांची फसगत होते. शिवाय रक्तदाब, मधुमेह, हृदय, सांधे यांची चार-पाच औषधे आधीपासून चालू असतात. काढा पोटात जातो तो या सर्वांच्या गर्दीत.

सर्वांत मोठा धोका रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा. हृदयाची झडप बदललेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या वृद्धास वॉरफरिन अथवा त्याच वर्गातील गोळी दिलेली असते. तिची मात्रा 'आयएनआर' तपासणीवर तोलून ठरविलेली असते. थोडी अधिक झाली तर रक्तस्राव, थोडी कमी पडली तर गुठळी. चिनी वैद्यकात वृद्धांना वारंवार दिल्या जाणाऱ्या दांगग्वी आणि दानशन या मुळ्या वॉरफरिनचा प्रभाव वाढवितात. जिनसेंग मात्र तो कमी करू शकतो. म्हणजे दोन 'शक्तिवर्धक' औषधे एकाच गोळीला दोन विरुद्ध दिशांना ओढतात आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नसतो. हिरड्यांतून रक्त, काळसर शौच, विनाकारण पडणारे निळे डाग ही लक्षणे दिसल्यावर काढा थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उद्यावर टाकू नये.

ज्येष्ठमध आपल्या घरोघरी ओळखीचा. चिनी काढ्यांत तो गानत्साओ या नावाने फार मोठ्या प्रमाणावर येतो. दीर्घकाळ आणि अधिक मात्रेत घेतल्यास तो शरीरात पाणी व मीठ साठवितो, रक्तदाब वाढवितो आणि पोटॅशियम खाली आणतो. लघवी वाढविणारी गोळी किंवा डिगॉक्सिन चालू असलेल्या हृदयरोग्यास हे जिवावर बेतू शकते. सर्दी-दम्यावरील माहुआंग हृदयाची गती व रक्तदाब वाढविते. सांधेदुखीवर दिली जाणारी फूझी ही तर आपल्या बचनागाच्या कुळातील. योग्य शोधन आणि दीर्घकाळ उकळणे झाले नाही, तर ओठ-जीभ बधिर होणे, मुंग्या येणे, हृदयाचे ठोके बिघडणे येथवर मजल जाते. "लवकर उकळून घ्या, गॅस वाया जातो," ही काटकसर येथे महाग पडते.

नावांच्या गोंधळाने काय होते, याचे उदाहरण युरोपात घडले आहे. अँटवर्पच्या हिरेबाजारात आपल्या समाजाची वस्ती मोठी; तेथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर ब्रुसेल्स. 1990 च्या दशकाच्या आरंभी तेथील एका वजन घटविण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींची चूर्णे दिली जात. फांगची या नावाच्या दोन वेगवेगळ्या वनस्पती बाजारात आहेत. त्यांपैकी एक मूत्रपिंडास घातक अशा अॅरिस्टोलोकिक आम्लाची. हवी होती पहिली, आली दुसरी. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, अनेकांवर डायलिसिसची वेळ आली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला. फसविण्याचा हेतू कोणाचा नव्हता. माल ओळखण्यात चूक झाली, इतकेच. किराणा व्यापारात आयुष्य घालविलेल्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागू नये.

आता जैन घरांपुढील विशेष प्रश्न. पेटीवर 'वनस्पतिजन्य' लिहिले म्हणजे आतील सर्व काही वनस्पतीच असते, असे नाही. पक्षाघातानंतर दिल्या जाणाऱ्या बूयांग ह्वानवू या प्रसिद्ध काढ्यात इतर वनस्पतींबरोबर दीलोंग, म्हणजे वाळविलेली गांडुळे असतात. रक्तवर्धक म्हणून गौरविलेला अ-च्याओ हा गाढवाच्या कातड्यापासून काढलेला सरस आहे. मेणाच्या कवचातील ती महागडी गोळी बहुधा आनगोंग न्योह्वांग असते. तिच्या आजच्या पाठात गोरोचन, कस्तुरी आणि म्हशीचे शिंग तर आहेच. शिवाय हिंगूळ आणि मनःशीळ, म्हणजे पारा व सोमल यांची खनिजेही आहेत. बांधणीसाठी मध वापरलेला असतो. ज्या आजींनी आयुष्यभर मधाचे बोट चाटले नाही, त्यांना नकळत हे सारे देणे म्हणजे त्यांच्या व्रताचा त्यांच्यापासून लपवून केलेला भंग होय.

या गोळीविषयी आणखी एक गोष्ट. अर्धांगाचा झटका आल्यास ती तोंडात घालावी, असा समज तिकडे रूढ आहे आणि काही घरे ती कपाटात त्यासाठीच जपून ठेवतात. झटका आलेल्या माणसाची गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. गोळी श्वासनलिकेत उतरते. त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, असे दिसताच रुग्णालय गाठावे. कपाट उघडू नये.

जिनसेंग, दांगग्वी यांसारख्या मुळ्या अनंतकायात मोडतात का, वाळलेल्या सुंठीप्रमाणे त्या चालतील का, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. वैद्यकीय दृष्टीने मात्र तपश्चर्येच्या दिवसांकडे लक्ष हवे. एकासन, आयंबिल वा उपवास चालू असताना मधुमेहाच्या गोळीसोबत जिनसेंग घेतल्यास साखर एकाएकी उतरू शकते. चौविहार पाळणाऱ्यास रात्रीचा काढा शक्य नाही. तो वेळापत्रकात आधीच बसवून घ्यावा. दोन मात्रा एकदम घेऊन हिशेब पुरा करण्याचा प्रकार तर मुळीच नको.

हाँगकाँग आणि सिंगापूर येथे चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते. हाँगकाँगमध्ये नोंदणीकृत तयार औषधाच्या वेष्टनावर सामान्यतः 'एचकेसी' वा 'एचकेपी' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. क्रमांक नसलेली, दुखण्यावर 'दोन दिवसांत गुण' देणारी पुडी संशयास्पद समजावी. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघड झाले आहेत. वैद्यास वृद्धाच्या चालू गोळ्यांची यादी दाखवावी आणि इकडच्या डॉक्टरांना काढ्यातील घटकांची. एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांच्या संमतीवाचून काहीच सुरू करू नये. संमती मिळाल्यास 'आयएनआर' नेहमीपेक्षा लवकर तपासावा. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना काढ्याचे नाव निदान दोन आठवडे आधी कळलेले असावे.

आणि वैद्यास स्पष्ट विचारावे: "यात कोणता प्राणिजन्य घटक आहे का? मध आहे का?" पुष्कळ काढ्यांत तो घटक वगळून वा बदलून देता येतो, परंतु विचारल्याखेरीज कोणी तो वगळत नाही. विचारणे मुलाच्या हाती आहे; तो दुकानात उभा असतो, चिनी अक्षरे वाचून दाखविणारा शेजारी त्याच्याजवळ असतो. वडिलांच्या हाती फक्त गोळी येते.