दुसऱ्या विचाराची जागा

‘यू हॅव गॉट अनदर थिंक कमिंग’ हा इंग्रजी बोलीतला दटावणीचा जुना वाक्प्रचार. आज असंख्य लोक तो ‘अनदर थिंग कमिंग’ असाच ऐकतात, बोलतात आणि लिहितातही. फरक एका व्यंजनाचा असला तरी त्यात अर्थ निसटतो.

मूळ वाक्याची सुरुवात बहुधा ‘इफ यू थिंक’ने होते. तुझे काम मी करीन असे तुला वाटत असेल, तर... आणि शेवटी तोच ‘थिंक’ नाम होऊन परत येतो : एक विचार करून झाला, आता दुसरा करावा लागेल. ‘थिंक’चा नाम म्हणून वापर इंग्रजीला नवा नाही. ‘हॅव अ थिंक’, म्हणजे जरा विचार कर, असे ब्रिटनमध्ये आजही सर्रास म्हणतात.

गोंधळ होतो तो कानाचा. ‘थिंक’च्या शेवटी ‘क’ आणि ‘कमिंग’च्या आरंभीही ‘क’. भरभर बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘अनदर’नंतर नाम ऐकायची सवय असलेले मन मग ओळखीचे ‘थिंग’ निवडते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हे रूप छापीलही सापडते. १९८२ मध्ये जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे याच शब्दांचे शीर्षक असलेले गाणे गाजले आणि ‘थिंग’चे रूप आणखी पक्के झाले. आता शब्दकोशांनीही दोन्ही रूपांची नोंद घेतली आहे.

म्हणजे ही चूक इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनीच केली आणि रुळवली. इंग्रजी ऐकताना एखादा शब्द निसटला म्हणून शरमेने गप्प बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे आणि बेधडक अर्थ विचारावा.

मात्र रूढ झाली म्हणून दोन्ही रूपे सारख्या मोलाची ठरत नाहीत. ‘थिंग’मध्ये उरते ती फक्त धमकी : तुझ्यापुढे वेगळेच काही वाढून ठेवले आहे. ‘थिंक’मध्येही दरडावणी आहेच, पण समोरच्याला विचार करता येतो, तो मत बदलू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणून मराठी अनुवादकांनी आणि उपशीर्षके लिहिणाऱ्यांनी येथे ‘बघ आता तुझं काय होतं’ असे लिहू नये. ‘या भ्रमात राहू नकोस, पुन्हा विचार कर’ हा खरा अर्थ.

वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे मूळ रूप जवळ ठेवावे. ज्याचे मत बदलावे असे आपल्याला वाटते, त्याला फेरविचाराची जागा आपणच ठेवावी लागते. नुसत्या धमकीने माणूस गप्प बसतो. त्याला पटत मात्र काहीच नाही.