गुरू भेटेपर्यंत उभेच राहायचे काय?

झेन पद्धतीने ध्यानाला बसावे म्हणतो, असे कुणी चारचौघांत म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुरू कोण? कुणी नाही म्हटले की सल्लाही ठरलेला, मग त्या फंदात पडू नका. सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी मांडी घातलेली नसते ही बाब अलाहिदा. या सल्ल्यामागे झेनचा अभ्यास नसून गुरुमाहात्म्याची आपली जुनी सवय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थोडे जाणकार असतात ते डोगेनचा हवाला देतात. हवाला खोटा नाही. खरा गुरू मिळत नसेल तर न शिकलेलेच बरे, अशा अर्थाचे डोगेनने 'गाकुदो योजिन-शू'त लिहिले आहे. पण याच डोगेनने १२२७ साली चीनहून परतल्यावर 'फुकान झाझेन्गी' लिहिले, आणि सर्वांनी बसावे ही शिफारस त्या ग्रंथाच्या नावातच आहे. शांत खोली, बेताचे खाणे, खाली जाड आसन व त्यावर उशी, पद्मासन नाहीतर अर्धपद्मासन, कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत, जीभ टाळूला, डोळे उघडे. गुरूवाचून कुणी पाऊलच टाकू नये असे ज्याला वाटते, तो उशीपर्यंतचा तपशील सर्वांसाठी कशाला लिहून ठेवील?

शिवाय डोगेनचे स्वतःचे काय झाले? १२२३ साली तो चीनला गेला, मठामागून मठ पालथे घातले, आणि समाधान झाले ते पुढे रुजिंग भेटल्यावर. खरा कोण आणि पोकळ कोण हे त्याला पारखता आले, कारण जाताना तो कोरा नव्हता. जपानात त्याची कित्येक वर्षांची साधना झालेली होती. जो कधी बसलाच नाही त्याने गुरू पारखायचा कशावर? दाढीवर की झग्यावर? (एकलव्याचा दाखला देण्याचा मोह आम्ही आवरतो. त्याने निदान पुतळा तरी मांडला होता, आणि अंगठा गेला तो गुरूपायीच.)

शिक्कामोर्तब झालेला गुरू म्हणजे सुरक्षितता, हाही एक गोड समज. सान फ्रान्सिस्कोच्या झेन केंद्रात शुनर्यू सुझुकींनी १९७१ साली आपला वारस नेमला तो रिचर्ड बेकर यांना. परंपरा रीतसर होती. तरी १९८३ साली संबंध आणि खर्च यांवरून वादळ उठून बेकर यांना मठाधिपतिपद सोडावे लागले. तेथील साधकांना धक्का बसला तो फसवणुकीचा तितकाच स्वतःच्या आंधळेपणाचा.

गुरू नकोच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कोआन घेऊन एकट्याने बसणे म्हणजे स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच गुण देणे. आम्हां मास्तरांना त्यातला धोका सांगायला नको. बसता बसता प्रकाश दिसतो, आकृती दिसतात. झेनमध्ये त्याला माक्यो म्हणतात आणि दुर्लक्ष करायला शिकवतात. घरी एकटा बसलेला त्यालाच साक्षात्कार समजून भाऊबंदांना उपदेश करू लागतो. तिथे कुणी कान धरणारा हवाच. मोबाइलमधली घंटा ते काम करणार नाही, घड्याळ म्हणून तिला आमची हरकत नाही.

पण हे सारे नंतरचे. तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमालमलैला आमा सामी या जेझुईट धर्मगुरूंनी बोधी झेंडो हे केंद्र उभारले. नांदेडच्या माणसाने तिथे जाणे होईपर्यंत काय करावे? भिंतीकडे तोंड करून पंधरा मिनिटे बसावे, श्वास एकपासून दहापर्यंत मोजावा. तीनवर मन बँकेच्या हप्त्याकडे जाईल, पुन्हा एकपासून. पायांना मुंग्या येतील, गुडघा जमिनीला टेकणार नाही, उशी आणखी उंच करावी लागेल. सहा महिने असे काढून मग खुशाल तिकीट काढावे. गुरूंपुढे विचारण्यासारखे तेव्हा काहीतरी हाताशी असेल, निदान गुडघ्याबद्दल तरी.