नवी आवृत्ती, जुने हर्फ

पुण्यात सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करणारा आमचा भाचा रविवारी घरी आला, की आमची बाजी त्याच्या तब्येतीची चौकशी करते आणि आम्ही आमच्या कॉम्प्युटरच्या तब्येतीची. या वेळी दस्तरखान उचलायच्या आधीच त्याने बातमी दिली, "मामू, तुमचे लिबरऑफिस नवे आले. २५.८."

पूर्वी हा आकडा ऐकून आमचा गोंधळ झाला असता. ७.६ नंतर एकदम २४.२ कसे, असे आम्ही त्याला मागे विचारलेही होते. २०२४ पासून त्यांनी आकडे मोजण्याची पद्धतच बदलली. आता आधी वर्ष, मग महिना. २५.८ म्हणजे २०२५ सालचा आठवा महिना, आणि खरोखरच २० ऑगस्टला ती आवृत्ती आली. दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहावी तसे प्रोग्रामचे वय कळते. आम्हाला हे पसंत आहे.

लिबरऑफिस आम्ही वापरतो त्याचे पहिले कारण म्हणजे ते मोफत आहे. लपवण्यात काय अर्थ? दुसरे कारण, आमच्या प्रश्नपत्रिका दोन भाषांत असतात. मराठी डावीकडून चालते, उर्दू उजवीकडून. एकाच पानावर दोघींना नांदवायचे म्हणजे सासू आणि सून यांच्यामध्ये स्टूल टाकून बसण्यासारखे आहे.

भाचा नवी आवृत्ती कशी पाहतो, ते बघण्यासारखे असते. आम्ही असतो तर आधी चित्रे आणि बटणे पाहिली असती. त्याने आधी 'काय बदलले' हा कागद वाचला, तोही शेवटाकडून. "काय नवीन दिले ते सगळेच सांगतात. काय काढून घेतले ते आधी बघायचे," असे त्याचे म्हणणे. मग त्याने कोरी फाइल न उघडता आमची सर्वांत बिघडलेली जुनी फाइल मागितली. नववीची उर्दूची सहामाही दिली. तिच्यात तक्ता आहे, कंस आहेत, मधेच मराठी उतारा आहे.

फाइल चटकन उघडली. उघडण्याचा वेग वाढवला आहे असा त्या मंडळींचा दावा आहे आणि भाच्याच्या लॅपटॉपवर तो आम्हाला जाणवला. उर्दू नस्तालीकमध्ये नीट दिसली. कंस उलटे झाले नाहीत. आम्ही मनात अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

नस्तालीक सोपी लिपी नाही. तिचे हर्फ ओळीवर सरळ बसत नाहीत. उजवीकडून डावीकडे तिरके उतरत येतात. शेजारी कोण आहे यावर प्रत्येक हर्फाचा चेहरा बदलतो. म्हणून कातिब मंडळींचे काम यंत्राला कित्येक वर्षे जमले नाही. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने नूरी नस्तालीक वापरली, तेव्हा मिर्झा अहमद जमील यांनी त्यासाठी हजारो जोडआकार आधी तयार करून ठेवले होते. आता आकार साठवण्याऐवजी नियम सांगितले जातात आणि यंत्र ते आकार त्या क्षणी जुळवते. हे जुळवणाऱ्या भागाचे नाव हार्फबझ. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे तोच घेतला. अँड्रॉइडच्या फोनमध्येही तोच आहे. नाव मूळ फारसी आहे, हर्फ आणि बाज़, म्हणजे उघडे अक्षर. आमच्या उर्दू कानाला मात्र ते पतंगबाज़च्या चालीवर ऐकू आले. अक्षरांचे पेच लढवणारा! ते काही फार चुकीचे वाटत नाही.

एक खोड मात्र जुनीच आहे. लिबरऑफिस फॉन्टसाठी तीन कप्पे ठेवते: पाश्चात्त्य लिपी, चिनी-जपानीसारख्या आशियाई लिपी आणि गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिपी. देवनागरी आणि उर्दू दोन्ही या तिसऱ्याच कप्प्यात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक निवडली की मराठीलाही तीच निवड लागू होते. तिच्यात देवनागरी नसल्याने प्रोग्राम आपल्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतो. उपाय एकच, मराठी परिच्छेदांची शैली वेगळी आणि उर्दूची वेगळी करून ठेवायची. मागल्या वर्षी आम्ही तो आळस केला. शिवाय शाळेच्या मशीनवर नस्तालीकचा फॉन्ट टाकायचा राहिला होता. दोन पानांच्या पेपरचे घरचे आणि शाळेचे रूप असे वेगळे झाले, की परीक्षेच्या सकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून हाताने गुण लिहावे लागले. दोष सर्वस्वी आमचा. फाइलच्या गुणधर्मांत फॉन्ट फाइलीतच जोडून ठेवण्याची सोय आहे, हे भाच्याने त्यानंतर दाखवले.

आता शेवटाकडून वाचलेल्या त्या कागदाची गोष्ट. २५.८ ही आवृत्ती विंडोज ७, ८ आणि ८.१ वर बसत नाही.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात नऊ यंत्रे चालू आहेत आणि त्यांतल्या सहांवर विंडोज ७ आहे. भाचा म्हणाला, "मामू, किती वर्षे सांभाळणार? जुन्याला धरून बसले की नव्यात दोष राहतात." त्याच्या बाजूने ते खरे आहे. जो लिहितो त्याला जुन्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तपासणी करावी लागते, आणि हे लोक काही आपल्याकडे पैसे मागत नाहीत. पण ती सहा यंत्रे शाळेने वर्गणी काढून घेतली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नियमित आधार संपला, म्हणजे उरलेल्या तिघांचीही पाळी आलीच. नवी यंत्रे घ्या, असे सांगणाऱ्याने आमच्या व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीला येऊन बसावे.

बरीच हुज्जत झाली. ठरले ते असे: सहा यंत्रांवर २५.२ मालिकाच राहील आणि त्यांचे इंटरनेट बंद ठेवायचे. फाइल सर्वत्र ओडीएफमध्येच जतन करायची, म्हणजे नव्यातली फाइल जुन्यातही उघडेल. दिवाळीच्या सुट्टीत एका यंत्रावर लिनक्स टाकून पाहायचे. आणि सहामाही होईपर्यंत घरच्या मशीनवरही नवी आवृत्ती नको. हे शेवटचे कलम आमचे. भाचा हसला, पण मान्य केले.

जाता जाता त्याने आमचा जुना पेनड्राइव्हही पाहिला. त्यात २००८ ते २०१६ पर्यंतच्या उर्दू प्रश्नपत्रिका आहेत, सगळ्या एका जुन्या प्रोग्रामच्या, ज्याची अक्षरे साठवण्याची रीत त्याची त्यालाच ठाऊक. तो प्रोग्राम आमच्याकडे आता नाही. नव्या लिबरऑफिसमध्ये त्या फाइलींतून नुसती चिन्हे सांडली. नशिबाने कपाटात छापील प्रती आहेत.

नववीच्या मुली आता रोज मधल्या सुट्टीत त्या युनिकोडमध्ये टाइप करतात, फोनवर उर्दू कीबोर्ड घेऊन. आमच्यापेक्षा वेगाने. परवा त्यांतली एक २०१२ चा पेपर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "सर, तिसऱ्या प्रश्नात 'ग़लत' लिहिताना नुक्ता राहिलाय. तसेच ठेवू की दुरुस्त करू?"