तुकारामांचा गरुड आणि नाथांची ताकीद

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या नातवाने एक चित्रफीत टाकली. प्रभातच्या 'संत तुकाराम'मधला शेवटचा वैकुंठगमनाचा प्रसंग. पण कसा? रंगीत! गरुड सोन्याचा, पंखांतून ठिणग्या उडताहेत, मागे ढग फाटून प्रकाशाचा लोट येतोय. खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. मी काहीच लिहिले नाही, तर रात्री फोन आला, "आबा, आवडलं नाही का?"

नाही आवडले. का, ते फोनवर सांगता आले नाही. इथे सांगतो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो तंबूत. तिसरीत असेन. सुगी उरकली होती. मधे दोर बांधून एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. बाहेर इंजिन धडधडत होते, रीळ बदलायला अंधार झाला की पोरे शिट्ट्या मारत. मी आईजवळ गोणपाटावर बसलो होतो. गरुड वर निघाला तशी आख्ख्या तंबूने हात जोडले. आईनेही जोडले, पण बघत होती ती जिजाईकडे. परतताना बैलगाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते गेले वैकुंठाला. सकाळी चूल तिलाच पेटवायची."

माझी आई कधी शाळेत गेली नाही. पण या सिनेमावर पुढे जे काही वाचले, त्यात एवढे नेमके वाक्य मला आढळले नाही.

नातवाच्या चित्रफितीत जिजाई नाहीच! मोबाईलच्या उभ्या पडद्यात मावेना म्हणून कापली. माझे भांडण इथून सुरू होते.

नातू हुशार आहे, त्याचे मुद्दे टाकाऊ नाहीत. पहिला मुद्दा : आजची पोरे जुनी करामत पाहून हसतात. हसू द्या की! चाळीस वर्षे वर्गात उभा होतो. जुन्या कवितेला पोरे आधी हसतातच. म्हणून मी कवितेतले शब्द बदलले नाहीत, समजावून सांगितले. विठोबावर पायताण घेऊन धावणारी जिजाई एकदा नीट दाखवा, मग पाहू कोण हसते ते.

दुसरा मुद्दा : दामले-फत्तेलालांकडे आजचे तंत्र असते तर त्यांनी वापरलेच असते. असेल. पण मग तो वेगळा सिनेमा झाला असता. १९३६ साली पुण्यात जे हाताशी होते, त्याच मापात त्यांनी सगळे बसवले. देहूची घरे, विष्णुपंत पागनीसांचा चेहरा, तो गरुड, सगळे एका पोताचे आहे. मुंबईत सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, तो याच गरुडासकट. जुन्या वाड्याच्या देवडीत निऑनची नळी लावली तर उजेड पडतो खरा, पण मग नळीच दिसते, वाडा दिसत नाही.

तिसरा मुद्दा मात्र त्याने अचूक हेरला. म्हणाला, "आबा, त्या सिनेमात शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गाणं आहे, लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजतात. मग भर घालायला त्यांना परवानगी आणि मला नाही?" क्षणभर मी निरुत्तर झालो.

पण विचार करा. आठवल्यांनी गाथेची पोथी उघडून तीत आपले पान शिवले नाही. प्रभातने आपल्या नावाने नवी कृती केली, गाथा होती तशीच राहिली. तसे कोणीही करावे. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'तुकाराम' नव्याने केलाच की. नातवाने आणखी एक करावा, गरुडाला हवे तेवढे सोने लावावे, पहिले तिकीट मी काढीन.

आपण गोदेच्या मुलखातली माणसे. वरच्या अंगाला पैठण आहे. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली होती, नकला करणाऱ्यांनी तीत नाना पाठ घुसडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून ती शुद्ध केली. नाथांसारखा कवी! मनात आणले असते तर शे-दोनशे ओव्या अशा घातल्या असत्या की कुणाला सांधा कळला नसता. नाथांनी स्वतःचे लिहिले ते ग्रंथ संपल्यावर, आपल्या नावाने, शक घालून. आणि ताकीद दिली की जो यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजा.

माझी कसोटी तीच. जुन्या फिल्मवरचे ओरखडे काढा, खरखर घालवा, निखळलेली चौकट जुळवा. ते नाथांचे काम आहे, आणि ते तातडीचे आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची दोनच रिळे उरली आहेत. जे उरले ते वाचवायचे सोडून गरुडाला सोन्याचा मुलामा?

कुणी म्हणेल, 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगीत केलाच ना? केला. पण के. आसिफनी निम्म्या वाटेवर रंग धरला होता, काही भाग मुळातच रंगीत होता. तिथे निदान कर्त्याच्या इच्छेचा आधार होता. आणि २०२५ साली काय झाले? 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट यंत्राच्या बुद्धीने बदलून तो पुन्हा थेटरात लावला. दिग्दर्शक आणि नायक दोघे हयात, दोघांनी जाहीर विरोध केला, तरी लागला. मग दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. त्यांच्या वतीने कोण बोलणार? आपल्याकडे चित्रपटाचा हक्क साठ वर्षांचा, तो कधीच संपला. कायदा आडवा येत नाही. आडवे यायचे तर आपणच.

असो. नातवावर राग नाही. आजोबाला आवडेल म्हणूनच त्याने ते केले, हे मला कळते. विनंती एवढीच की ती चित्रफीत पुढे पाठवू नका. दिवाळीला सगळे तीर्थपुरीला येणारच आहात. ओसरीच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणतो, प्रोजेक्टर नातवाने आणावा. आख्खा सिनेमा बघू, जिजाईसकट. मग सांगा मी चुकतोय का.