लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीआधी एवढं कराच

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदारांनो, त्यांच्याकडे काम करणाऱ्या मंडळींनो, खरेदीला येणाऱ्या पुणेकरांनो आणि कायम घाईत असलेल्या तमाम दुचाकीस्वारांनो,

वसुबारस तोंडावर आली आहे. आता रोज संध्याकाळी बेलबाग चौकापासून अलका टॉकीजपर्यंत मुंगीला शिरायला जागा उरणार नाही. महापालिकेनं आणि वाहतूक पोलिसांनी काय करायला हवं, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडेही वळू, पण आधी जे आपल्या हातात आहे ते याच आठवड्यात करू या. कुणीतरी गाडीखाली आल्यावर जागं होण्यात काय अर्थ आहे?

इथला धोका थोडा वेगळा आहे. रस्ता एकेरी आहे. वाहनं बेलबाग चौकाकडून अलकाकडे जातात. त्यामुळे रस्ता ओलांडणारा साहजिकच एकाच बाजूला बघतो. साडीच्या दुकानाच्या पायऱ्या उतरून एक बाई येते. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात लहान मुलाचं बोट. फुटपाथवर पुतळा उभा आहे, त्याच्या शेजारी स्टुलावर गिऱ्हाइकांना हाका मारणारा पोऱ्या, त्यापुढे रुमाल आणि मोज्यांचा ढीग. म्हणून ती खाली उतरते. कडेला दुचाकींची रांग लागलेली. दोन हँडलांच्या मधून वाट काढत, पदर सांभाळत ती पुढे येते आणि बेलबागच्या दिशेनं बघते. तिकडून काही येत नाही. मूल एक पाऊल पुढे टाकतं आणि नेमका तेव्हाच उलट्या दिशेनं, ‘एवढंच तर जायचंय, कुंटे चौकातून वळतो’ म्हणत कुणीतरी स्कूटर दामटत येतो. स्कूटर विजेवरची असेल, तर तिचा आवाजही येत नाही.

ताशी ३० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. म्हणजे वेग ‘फार नव्हता’ हे सांगून उपयोग नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. हे केंद्र सरकारच्या अहवालातले आकडे आहेत.

तेव्हा दुचाकीवाल्यांना पहिली विनंती, आणि ती हात जोडून: उलट्या दिशेनं एक दुकानभर अंतरसुद्धा जाऊ नका. पुढच्या चौकातून वळसा घ्या, नाहीतर उतरून गाडी ढकलत न्या. आणि मुलाला ‘जा, पटकन घेऊन ये’ म्हणून किल्ली देणाऱ्या आईवडिलांनो, अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली आहे.

आता दुकानदार. तुमच्याशी जरा स्पष्ट बोलावं लागेल. ‘पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही’ ही तक्रार या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण सकाळी शटर वर जातं, तेव्हा समोरच्या जागा कोण अडवतं? मालकाची गाडी, मॅनेजरची गाडी, विक्रेत्यांच्या गाड्या, आणि त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. मग गिऱ्हाईक दुसरी रांग लावतं आणि चालणारा थेट वाहत्या रस्त्याच्या मधोमध येतो. निदान धनत्रयोदशी ते भाऊबीज तुमच्या लोकांच्या गाड्या मंडईतल्या नाहीतर हमालवाड्याच्या वाहनतळावर लावा, भाडं दुकानानं भरा. एका पैठणीच्या नफ्यात बसेल.

पुतळे, स्टँड, स्टूल, जाहिरातीचे फलक हे सगळं उंबऱ्याच्या आत घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. फुटपाथ ही मेहेरबानी नव्हे. अडथळ्याविना पायी चालता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं आहे. पाटी लावण्यात आपलं शहर कुणाला हार जात नाही. तेव्हा ‘येथे गाडी लावू नये’च्या खाली ‘येथे पुतळा उभा करू नये’ अशीही एक लागू द्या, खास स्वतःसाठी.

फुटपाथवरच्या विक्रेत्यांचं पोट त्या ढिगावर आहे, हे मान्य. त्यांना हुसकावून लावा असं मी म्हणत नाही. पण चौकाच्या कोपऱ्यावर आणि झेब्रा पट्ट्यांच्या तोंडाशी कुणीही बसू नये, एवढं त्यांच्याशी बोलून ठरवता येईल. कोपरा मोकळा असला की वळणाऱ्या रिक्षावाल्याला चालणारा दिसतो आणि चालणाऱ्याला रिक्षा.

मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. खरेदीला येणाऱ्यांनी गाडी घरी ठेवून मेट्रोनं यावं. एकेरी रस्ता असला तरी ओलांडताना दोन्हीकडे बघा. मुलाला वाहनांच्या बाजूला ठेवू नका आणि कानातले इयरफोन निदान तेवढा वेळ काढा.

पालिकेकडे एकच मागणी आहे. ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद करता येतो, २०२१ पासून ते दिसलं आहे. तसंच दिवाळीच्या ऐन गर्दीच्या संध्याकाळी करा, रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या बंबाला वाट ठेवून. धंदा बुडेल म्हणणाऱ्या दुकानदारांनी एवढं तरी आठवावं, की गाडीत बसून कुणी साडी घेत नाही.

आणि एवढं करूनही अपघात झालाच, तर मोबाइलवर चित्रण करत उभे राहू नका. १०८ किंवा ११२ ला फोन लावा, गर्दी मागे हटवा. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवता येत नाही. नाव सांगायचं की नाही हेसुद्धा त्याच्यावरच आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानं त्याला संरक्षण दिलं आहे.

उद्या सकाळी शटर उघडण्याआधी प्रत्येक दुकानदारानं टेप घेऊन आपल्या दुकानापुढचा फुटपाथ मोजावा. १.८ मीटर भरले नाहीत आणि अडथळा आपला असेल, तर तो तिथल्या तिथे उचलावा. डीपी बॉक्स, खांब किंवा उखडलेले ब्लॉक आड येत असतील, तर फोटो काढून दुकानाच्या पत्त्यासह कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.