शिळ्या टोपलीवरचा महागाई भत्ता

शेअर बाजाराचा निर्देशांक जरा घसरला, की वृत्तपत्रांची पहिली पाने हवालदिल होतात. ज्या निर्देशांकावर लक्षावधी श्रमिक कुटुंबांचा महागाई भत्ता ठरतो, त्याच्या वाट्याला आतल्या पानावरच्या दोन ओळी आल्या तरी पुष्कळ! केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचे ‘इंडियन लेबर जर्नल’ हे मासिक, १९४३ साली ‘इंडियन लेबर गॅझेट’ या नावाने निघालेले, हाच निर्देशांक महिनोन्‌महिने छापत आले. आकड्यांचे ते रूक्ष रकाने कामगाराच्या चुलीशी जोडलेले आहेत, याचे भान मात्र फारच थोड्यांना राहिले.

औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची २००१ पायाभूत वर्षाची मालिका १९९९-२००० च्या कुटुंब-पाहणीवर उभी होती. जानेवारी २००६ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत तीच चालली. या काळात कामगाराच्या हाती मोबाइल आला, मुले खासगी शाळांत आणि शिकवण्यांना जाऊ लागली, दवाखान्याची बिले फुगली. सरकारी टोपली मात्र जागची हलली नाही. अखेर २०१६ पायाभूत वर्षाची मालिका आली, तेव्हा अन्नाचा भार ४६.२० वरून ३९.१७ वर उतरला आणि शिक्षण, औषधोपचार, प्रवास आदींच्या ‘संकीर्ण’ गटाचा २३.२६ वरून ३०.३१ वर चढला. हा बदल काय एका रात्रीत झाला होता?

जुन्या टोपलीने धान्य महागताच भत्ता अधिक वाढतो, मग तक्रार कशाची, असे काही शहाणे विचारतात. कामगाराला उपकार नको, खरे माप हवे. माप खोटे असेल तर आज लाभ देणारे उद्या खिसाही कापते. टोपली निदान दर पाच वर्षांनी तपासावी, असा आंतरराष्ट्रीय श्रम-सांख्यिकी परिषदेचा २००३ चा ठराव आहे. आपल्याकडची पायाभूत वर्षे पाहा: १९६०, १९८२, २००१, २०१६!

याच मुंबईत १९६३ साली सदोष निर्देशांकावरून कामगार रस्त्यावर उतरले होते. राज्य सरकारला डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि निर्देशांकाची दुरुस्तीही करावी लागली. त्या पिढीने आकडे वाचले होते. आज वेतनकरारावर सह्या ठोकणाऱ्या किती पुढाऱ्यांच्या कार्यालयात या मासिकाचा एक तरी अंक सापडेल?